मामांचा उरक

कल्याणच्या बाजारपेठेत आमच्या कापडाच्या दुकानात एक सहा फुटी माणूस जरीकाठी लुगड्याच्या निऱ्या पोटाशी धरून उभा असायचा आणि त्याला कोणी हसायचं नाही. पिळलेल्या मिशा, डोक्यावर काळी टोपी आणि डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडलेला पदर. नव्याने आलेली एखादी पोर खुदकन हसलीच, तर तिची आई तिला कोपराने ढोसायची. थोड्या वेळाने ती पोरही माणूस विसरून लुगडं बघायला लागायची. त्या माणसाला सगळं कल्याण मामा म्हणायचं. खरं नाव रघुनाथ, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

मामांवर लिहायचं कित्येक वर्षं टाळत आलोय, कारण लिहायला बसलो की डोकं फिरतं. परवा पुन्हा फिरलं. पेपरात कोणा विद्वानाचा लेख होता. श्रीमंत देशातला दुकानातला माणूस, बँकेतला कारकून, हॉटेलातला वाढपी तासाभरात किती काम करतो आणि आपल्यासारख्या गरीब देशातला किती करतो, याची तुलना. आपण अर्थातच कुठल्या कुठे मागे. शेवटी उपदेश, की सेवाक्षेत्रातली उत्पादकता वाढवायला हवी. मी पेपर भिरकावून दिला. सून म्हणाली, "बाबा, बीपी वाढेल." वाढू दे. हा लेख मी छापून यायच्या कितीतरी आधी, भर दुकानात, उभ्या उभ्या ऐकलाय. तो कोणाच्या उरावर बसला तेही पाहिलंय.

मी डोंबिवलीचा. मॅट्रिक होऊन दुकानात लागलेलो तेव्हा स्वातंत्र्य नुकतंच आलेलं आणि कापडावर कंट्रोल होता. गिऱ्हाइकाने रेशनकार्ड दाखवायचं, आम्ही समोर असेल त्या ताग्यातून वार मोजून टरकन फाडायचं, की पुढचा. रंग विचारायची सोय नाही, पोत चाचपायची सोय नाही. आजच्या विद्वानांच्या हिशेबाने त्या दिवसांत आमची उत्पादकता लंडनच्याही वर गेली असेल. मामा मात्र त्या काळात सुकून गेलेले. मला म्हणायचे, "अरे मॅट्रिक, हे विकणं नाही, हे वाटप आहे. गिऱ्हाईक कापडाकडे बघतच नाही, माझ्या कात्रीकडे बघतं." कंट्रोल उठला त्या दिवशी त्यांनी सगळ्या दुकानाला स्वतःच्या खिशातून भजी आणि चहा दिला.

"बसा तर खरं," हे मामांचं पहिलं वाक्य. बाई पायरीवर घुटमळत असली, की आतूनच यायचं. काय हवंय, कितीपर्यंत हवंय, हे मामा विचारत नसत. बाकी आम्ही सगळे पहिला प्रश्न किमतीचाच करायचो. मामा म्हणायचे, "आधी किंमत विचारली की बाईचा आवाज बारीक होतो. मग ती आवड सांगतच नाही, परवडेल तेवढं सांगते." ते मग तिच्याकडे एकदा बघायचे, अंगावरचं जुनेर बघायचे, हातातल्या पिशवीकडे बघायचे आणि उठून नेमकं तिच्या ऐपतीच्या फळीपाशी जायचे. महाग लुगडं काढलंच तर आधीच सांगायचे, "हे घ्यायचं नाही हं, नुसतं बघायचं." बाई सैल होऊन मांडी घालून बसायची.

एकदा मी कंटाळून विचारलं, "मामा, ही बाई तासभर बसली, चार खण घेऊन गेली. एवढी उठाठेव कशाला?" मामा घड्या घालत होते. मान वर न करता म्हणाले, "ही घरी दिवसभर सगळ्यांसाठी उठते-बसते. सासूला पाणी, नवऱ्याला ताट, पोरांचं हगणं-मुतणं. इथे तासभर तिने बसायचं आणि आपण तिच्यासाठी उठायचं. तिला आयुष्यात 'बसा' म्हणणारी दुसरी जागा कुठली आहे, सांग." मी माझ्या आईला कधी बसा म्हटलं नव्हतं.

क्यांपातली एक बाई यायची. फाळणीनंतर कल्याणच्या पलीकडे निर्वासितांची छावणी बसली, तिला सगळे क्यांप म्हणायचे. ही तिकडची, सिंधी. गोरीपान, उतारवयाची, अंगावर एक विटकी ओढणी. दर आठवड्याला येऊन गादीवर बसायची आणि बोटाने वरच्या फळीवरचे शालू दाखवायची. मामा काढून द्यायचे. ती जरीवरून हात फिरवायची, स्वतःशीच काहीतरी पुटपुटायची आणि उठून जायची. एक रुमालसुद्धा तिने कधी घेतला नाही. आमच्यातला एकजण वैतागून म्हणाला, "मामा, हिला उद्यापासून पायरीवरूनच वाटेला लावा." मामा एवढे तापलेले मी पहिल्यांदा पाहिले. म्हणाले, "तिचं घरदार, पेटी, पेटीतले शालू, सगळं तिकडे राहिलंय. ती आपले शालू बघत नाही, स्वतःचे बघते. तुझ्या बापाचं काय जातं?"

पण मामांचं खरं राज्य बस्त्याच्या दिवशी. लग्नाचा बस्ता म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नवरीचा शालू, सासूचं लुगडं, करवल्यांची, मावश्यांची, आत्यांची, काकूंची पातळं, पुरुषांची धोतरं, टोप्या, फेटे, सगळं एका बैठकीत, दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसवून. मानपाड्याहून आगरी मंडळी बैलगाडीतून यायची ती अर्धा गाव घेऊन. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. चहा यायचा, भांडणं व्हायची, रुसवे व्हायचे, एखादी विहीण तोंड फिरवून बसायची. आणि या सगळ्यात मामांचा पहिला प्रश्न असायचा, "नवरी कुठंय?"

नवरी नेहमी कोपऱ्यात. तिला कोणी विचारतच नसे. बायजाबाई म्हणून मानपाड्याची एक बाई होती, तिच्या थोरलीचा बस्ता मला चांगला आठवतो. आत्या आणि मावश्या हिरव्यासाठी हटून बसलेल्या. मामांनी खांद्यावर हिरवं टाकलं, मोतिया टाकलं, डाळिंबी टाकलं, पण नजर त्या कोपऱ्यातल्या मुलीवर. ती खाली मान घालून बसलेली. डाळिंबी खांद्यावर आलं तेव्हा तिने एकदाच डोळे उचलले आणि पुन्हा खाली केले. मामांनी ते डाळिंबी घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे हिचं. बाकी हिरवं तुम्ही आत्या-मावश्या घ्या." आत्या उसळली. पण मुलीने लुगडं दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. बायजाबाई पोट धरून हसली, "बगा, माज्या पोरीचा मन मना नाय कलला, ह्या मामाला कलला."

बस्ता उठला की दुकान होळीनंतरच्या अंगणासारखं दिसायचं. मग मामा एकटे बसून एकेक घडी घालायचे. त्यांची घडी अशी की लुगडं कधी उघडलं होतं हे ओळखू येऊ नये. दुसऱ्या दिवशीच्या बाईला वाटलं पाहिजे, घडी तिच्यासाठीच मोडली. या कामात दिवसाचा केवढा भाग जायचा हे मोजायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते येईपर्यंत आमचं बरं चाललं होतं.

मालक तात्या थकले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि त्यांचा मुलगा विलायतेहून शिकून आला. आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणायचो. वाईट माणूस नव्हता, हेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मामांशी अदबीने बोलायचा, लहानपणी त्यांच्या मांडीवर खेळलेला. पण तिकडे लंडनला त्याने काही महिने एका मोठ्या दुकानात काम केलेलं, आणि ते त्याच्या डोक्यात बसलेलं. आल्यावर एका सोमवारी, दुकान बंद असताना, आम्हा सगळ्यांना गादीवर बसवून त्याने भाषण दिलं. भाषणातलं एकच वाक्य मला पाठ आहे. "तिकडची एक पोरगी तुमच्या तिघांचं काम करते."

मामांनी शांतपणे विचारलं, "ती पोरगी लुगडं उलगडून दाखवते का?"

"तसं लागतच नाही, मामा. कपडे टांगलेले असतात. बाई स्वतः येते, स्वतः काढते, आरशात बघते, घेऊन येते. मुलगी फक्त बांधून देते."

"आणि आवडलं नाही तर?"

"बाई परत टांगते."

"म्हणजे आमचं काम बाईच करते," मामा म्हणाले.

धाकटे मालक हसले. "हो ना. म्हणून तर दुकान चालतं."

मी तिथेच उखडलो. विचारलं, "त्या पोरीला पगार किती?" मालकांनी आकडा सांगितला. आम्ही तिघं काय, सगळं दुकान मिळून तेवढं कमावत असू. मी म्हटलं, "तिकडे माणूस महाग, म्हणून मालक गिऱ्हाइकाला राबवतो. इकडे माणूस स्वस्त, म्हणून गिऱ्हाईक बसतं आणि आम्ही राबतो. यात आळशी आम्ही कुठे झालो? तिकडचा पगार द्या, आम्ही पण नुसतं बांधून देतो." मालकांनी मान डोलावली, मुद्दा बरोबर आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर फळा लावला. शिकलेल्या माणसाची ही एक कला असते, तुमचं पटलंय म्हणायचं आणि करायचं तेच करायचं.

फळ्यावर आम्हा चार सेल्समनची नावं आणि पुढे महिन्याच्या पावत्या. दिवाळीनंतर ज्या दोघांच्या सगळ्यात कमी असतील त्यांना निरोप. पहिल्याच महिन्यात मामांचं नाव सगळ्यात खाली. का, तर अख्ख्या बस्त्याची पावती एकच होते. अर्धा गाव दिवसभर बसतो, दोन गाठोडी बांधून जातो आणि फळ्यावर एक. आणि तिकडे मी चार पंचे विकले की माझ्या नावापुढे चार. दुकानातला प्रत्येक बस्ता मामांकडे, म्हणून मामा सगळ्यात आळशी. मी जाऊन मालकांना हे सांगितलं. त्यांनी लगेच कबूल केलं. म्हणाले, "बरोबर आहे, बस्त्याच्या दहा पावत्या धरू." धरल्या. तरी मामा खालीच. कारण मामा घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला सारखंच बसवत होते. मग मालक हताश होऊन मला म्हणाले, "मी काय करू, सांग. मामांना कामाचा उरक नाही रे."

उरक. या शब्दाने मी पेटलो. आमच्याकडे सुनेची परीक्षा याच शब्दाने होते, उरक आहे की नाही. आणि पहाटे दुकानात येऊन झाडण्यापासून बस्त्याच्या गाठी मारेपर्यंत ज्याचा हात थांबत नाही त्याला उरक नाही? मी जेवणाच्या सुट्टीत मामांना रागारागाने हे सांगितलं. वाटलं, चिडतील. मामा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "त्यांचं खोटं नाही. मला उरकत नाही खरंच."

"अहो मामा, उरक असणं वेगळं आणि उरकून टाकणं वेगळं. तुम्हाला उरकून टाकता येत नाही एवढंच."

"तेच शिकायला पाहिजे आता." मग तुकडा कालवणात बुडवत म्हणाले, "सुमनचं जमतंय. मुलगा ठाण्याचा, टेंभी नाक्याला घर आहे. माणसं चांगली आहेत. बापाची नोकरी गेली म्हटल्यावर चांगली माणसं पण विचारात पडतात. तू चिड, मॅट्रिक. तुला दुसरीकडे मिळेल. मला या वयात कोण उभं करणार?"

सुमन त्यांची एकुलती एक. म्हणजे गोष्ट सरळ होती. दिवाळीपर्यंत नाव वर गेलं तर मुलीचं लग्न, नाही तर काही खरं नाही. मला वाटत होतं मामांना ते जमणार नाही. तिथे मी चुकलो. ज्या माणसाला कोपऱ्यातल्या नवरीच्या मनातलं कळतं, त्याला मालकाच्या मनातलं कळायला कितीसा वेळ लागणार?

मामा बदलले ते आठवड्याभरात. "बसा तर खरं" बंद झालं. पायरीवर बाई दिसली की उभ्याउभ्याच प्रश्न, "रंग कोणता? कितीपर्यंत?" बाईचा आवाज बारीक व्हायचा, ती परवडेल तो आकडा सांगायची, मामा फळीवरून एक काढून पुढे ठेवायचे, घडीसकट. "आतून असंच आहे." लुगडं खांद्यावर टाकणं संपलं. मालकांनी काचेची कपाटं करून घेतली आणि वर पाटी लावली, "कृपया घडी मोडण्याचा आग्रह धरू नये." मामांनी ती पाटी स्वतः स्टुलावर चढून ठोकली. क्यांपातली बाई आली तेव्हा मामा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ती थोडा वेळ काचेसमोर उभी राहिली, काचेवरून हात फिरवला आणि गेली. नंतर आलीच नाही. फळ्यावर मात्र मामांचं नाव दर महिन्याला वर सरकत होतं.

बायजाबाई धाकटीचा बस्ता घेऊन आली ती याच दिवसांत. गाडी भरून माणसं, नेहमीसारखी. मामांनी नवरी कुठंय विचारलं नाही. बायजाबाईलाच विचारलं, शालू कितीचा, आत्यांची किती, मावश्यांची किती, आणि आकड्याप्रमाणे गठ्ठे समोर मांडले. आत्यांनी भांडायला तोंड उघडायच्या आत गाठोडी बांधून तयार. दुपारच्या आत बस्ता उठला. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. चहासुद्धा गरम होता अजून. बायजाबाई पायरीपर्यंत गेली आणि परत आली. मामांच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, बरा नाय का तुमाला? मंगापासना बघते मी, ताप हाय का?"

"नाही हो. बरा आहे," मामा म्हणाले.

"मंग आमचा काय चुकला का?"

मामांनी नुसती मान हलवली. ती गेल्यावर ते पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले. मी त्यांच्या मागे गेलो नाही. मला त्यांच्यापेक्षा मालकांचा राग आलेला, आणि मालक बाहेर फळ्यावर पावत्या लिहीत होते, त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं.

दिवाळीनंतर मामा पहिले आले. खालचे दोघे गेले. त्यांना निरोप देताना मालकांनी जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "मामांचं वय बघा. मामांना जमतं, मग तुम्हाला का जमू नये?" चार माणसांत होणारं काम आता दोघांत होत होतं, तेव्हा मालकांची तुलना कागदावर अगदी बरोबर ठरली. आम्ही त्या लंडनच्या पोरीच्या बरेच जवळ पोचलो. पगार होता तिथेच राहिला. बायका आल्या, उभ्याउभ्या घेऊन गेल्या, त्यांना घरी जाऊन कळायचं की रंग विटका आहे नाहीतर काठ आखूड आहे. ते कुठल्या फळ्यावर लिहिलं जाणार होतं? त्या दोघांपैकी एकजण नंतर ठाण्याला रस्त्यावर रुमाल विकताना मला दिसला. मामांना मी ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण सुमनच्या सासरचं बोलताना ते ठाण्याचं नाव टाळून नुसतं टेंभी नाका म्हणायला लागले.

सुमनचं लग्न ठरलं. बस्ता अर्थातच आमच्याच दुकानात. मालकांनी मोठ्या मनाने सांगितलं, "मामा, आज तुम्ही गिऱ्हाईक. कामाला हात लावायचा नाही. बसा." मामा गादीवर गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काळी टोपी नवी होती. शेजारी मामी, मामींच्या मागे सुमन, समोर टेंभी नाक्याची मंडळी. दाखवायला मी.

मी आदल्या दिवसापासून ठरवून ठेवलेलं. पाटी गेली खड्ड्यात. आज दुकानातली प्रत्येक घडी मोडायची, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत, आणि या माणसाच्या मुलीला संध्याकाळपर्यंत बसवायचं. काच सरकवली, शालू काढले आणि पहिलाच, किरमिजी, झटक्यात उलगडून गादीभर पसरला. मामींनी "अगं बाई" केलं. सुमन पुढे सरकली. मी दुसरा उघडला, तिसऱ्याला हात घातला.

मामांनी माझं मनगट धरलं. "पुरे," म्हणाले.

"मामा, आत्ताशी सुरुवात आहे."

"पुरे म्हटलं ना. एवढ्या घड्या घालणार कोण? तुझा वेळ जाईल." मग अगदी खालच्या आवाजात, टेंभी नाक्याच्या मंडळींना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याकडे वाकून, "महिना अखेर आलाय. तुझं नाव खाली आहे, मी सकाळी बघितलं."

मी म्हटलं, "जाऊ दे माझं नाव." माझा आवाज चढला होता. सगळे बघायला लागले.

मामा वळले आणि मुलीला म्हणाले, "सुमे, हा किरमिजी चांगला आहे. काय?"

सुमनची नजर वरच्या फळीवर होती. कुठल्या शालूवर होती ते मला दिसलं, आणि मला दिसलं म्हणजे मामांना दिसलं नसेल असं कोणी मला सांगू नये. ती बापाकडे बघून म्हणाली, "हाच बरा आहे, बाबा."

मामांनी किरमिजी शालू माझ्या हातातून घेतला, मांडीवर ठेवला आणि स्वतःच घडी घातली. मग विहिणीला विचारलं, "तुमची पातळं कितीपर्यंत काढू?" विहिणीचा आवाज बारीक झाला. दहा-वीस वाक्यांत सगळं आटपलं. गाठोडी मी बांधली. धाकटे मालक बाहेर आले, गाठोड्यांकडे बघितलं, आतल्या घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं कौतुकाने म्हणाले, "बघा, मामांच्या घरचा बस्तासुद्धा किती लवकर झाला."

मामा हसले. खरंच हसले, मिशीत, शाबासकी मिळालेल्या माणसासारखे. मग गाठोडं खांद्यावर टाकून, मामींना आणि सुमनला पुढे घालून पायऱ्या उतरले. पुढच्या महिन्यात मी दुकान सोडलं. मामा मरेपर्यंत तिथेच होते, आणि अखेरपर्यंत त्यांचं नाव फळ्यावर पहिलं होतं.